कवळीवाल्या बाईंचा संगणक

बाईंचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर माप घ्यायचे, त्यावरून ओतलेला साचा बाईंकडे यायचा आणि तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून बाई त्या साच्यावर एकेक दात मेणात बसवायच्या. खोलीत कायम पांढरी धूळ. बाईंच्या भुवयांवर धूळ, चहाच्या कपावर धूळ. शहरातले निम्मे म्हातारे आमच्या हिच्या दातांनी हसतात, असं त्यांचे यजमान बसमधल्या पोरांना सांगायचे. यजमान शाळेची बस चालवत. सासूबाईंच्या तोंडातली कवळीही बाईंनीच केलेली. त्यामुळे सासूबाई सुनेवर तोंड सोडायला लागल्या की यजमान हळूच म्हणत, "बोलायला दात तूच दिलेस तिला. आता ऐकून घे."

संगणकांचा नाद बाईंना लागला तो पन्नाशी जवळ आल्यावर. एका दातांच्या दवाखान्यातून जुना संगणक भंगारात निघाला होता. स्वागतकक्षात वर्षानुवर्षं खपलेला, उन्हाने पिवळा पडलेला, भल्यामोठ्या डोक्याचा. कीबोर्डची दोन बटणं गायब होती. बाई तिथे कवळ्या पोचवायला गेल्या होत्या. रिकाम्या जागेत त्यांनी बोट घातलं आणि जीभ पडलेल्या दाताच्या खळग्यात जावी तसं ते बोट तिथेच राहिलं. "हे मी नेऊ का?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "न्या, न्या. उचलायचा त्रास वाचला."

घरी येऊन त्यांनी शेजारच्या बटणाचा साचा घेतला आणि नवं बटण ओतलं. हाताशी नेमका हिरडीचा गुलाबी रंगच होता, त्यामुळे पिवळ्या ओळीत दोन गुलाबी बटणं उगवली. पण बसली घट्ट. मग बाईंना वाटलं, बटणं बसली, तर आतलं का नाही बसणार? त्या शिकल्या. पुस्तकं आणली, जगभरच्या अशाच वेड्यांशी इंटरनेटवर पत्रव्यवहार केला, आणि कवळ्यांच्या तारा जोडायचं झाळकाम तर त्यांना येतच होतं. तो पहिला संगणक चालू झाला, आणि पाठोपाठ दुसरा घरात आला. पलंगाखाली, माळ्यावर, जिन्याखाली डबे साठले. सासूबाईंनी साड्यांचं कपाट उघडलं तर खालच्या खणात एक कीबोर्ड. त्यांनी सुनेचं नाव ठेवलं चिकटपट्टी. "एकदा कशाला चिकटली की कातडं निघेल, ही निघायची नाही."

एका दुपारी जेवताना यजमान सहज म्हणाले, "तो बंद पडलेला कागद कारखाना पाडतायत. वर काचेची एक खोली आहे ना, त्यात एक कपाट दिसलं. समोर सगळी बटणं आणि दिवे. तुझ्या जातीचं वाटलं." आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, कारण बाईंचा हात ताटातच थांबला होता.

"किती उंच?" बाईंनी विचारलं.

"अगं, जेव आधी."

"किती उंच, अहो?"

"तुझ्याएवढं," ते म्हणाले. "रुंदीला आपण दोघं."

बाईंनी उरलेलं जेवण उभ्या उभ्याच संपवलं.

कारखान्याच्या फाटकात पाडकामाचा ठेकेदार उभा होता. हेल्मेट बाईंच्या हातात देत तो म्हणाला, "बघून घ्या. सोमवारी ती भिंत पडणार. त्याच्या आत नेलंत तर तुमचं, नाही तर हातोड्याचं." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला फक्त खोली रिकामी हवी होती.

काचेच्या खोलीत कागदाच्या तंतूंचा थर इतका जाड होता की जमिनीवर जाजम अंथरल्यासारखं वाटत होतं. आणि मध्ये तो उभा होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा मिनीकॉम्प्युटर. नाव मिनी, आकार कपाटाचा. कागदाची जाडी मोजायची आणि यंत्रांना कमी-जास्त करायचं, हे त्याचं काम असे. समोर खटक्यांची एक लांब ओळ, त्यावर दिव्यांची ओळ. बाईंनी एक खटका वर केला. तो टक् करून गेला आणि वरच राहिला. आत पाठोपाठ उभी केलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं, पुस्तकांच्या कपाटासारखी. दिवाणखान्यात ठेवतात तशी नव्हे, वाचून वाचून कोपरे झिजलेली.

अडचण एकच होती. कपाट दारापेक्षा रुंद होतं. आधी यंत्र ठेवलं असणार आणि मग भोवती खोली बांधली असणार.

"सोडा बाई," ठेकेदार म्हणाला. "देवाने नाही म्हटलंय."

"देवाने नाही, गवंड्याने म्हटलंय," बाई म्हणाल्या. "पाना आहे का तुमच्याकडे?"

शुक्रवारपर्यंत बाई रोज तिथे जात होत्या. कवळ्यांच्या कामाला त्यांनी डॉक्टरांकडून मुदत मागून घेतली होती. एकेक कार्ड काढलं की त्यावर आणि त्याच्या खाचेवर रंगीत मेणाने सारखी खूण करायची, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळायचं. मग पंखे, मग वीजपुरवठ्याचा धोंड्यासारखा जड खोका, मग दारं, आणि शेवटी नुसता सांगाडा, तोही आडवा करून, तिरका करून, यजमानांच्या शिव्या खात दारातून निघाला. शनिवारी शाळेला सुट्टी, म्हणून बस मोकळी होती. ज्या सीटांवर एरवी पोरं मारामाऱ्या करत, त्यांवर अभ्र्यातली कार्डं बसून घरी आली.

आता ठेवायचा कुठे? पुढच्या खोलीत ठेवणं शक्यच नव्हतं, साच्यांची पांढरी धूळ त्याच्या सगळ्या सांध्यांत शिरली असती. स्वच्छ, कोरडी, उजेडाची अशी घरात एकच खोली. सासूबाईंची.

"माझ्या खोलीत?" सासूबाई म्हणाल्या. "आधी मला बाहेर काढा, मग ते आत घाला."

"आई, तुम्हाला कशाला काढू? तुम्ही दोघं राहाल. जागा आहे."

"दोघं!" सासूबाईंना हसू आलं आणि ते आल्याचा राग आला. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली. "माझ्या पलंगाकडे त्याचं तोंड नको. सारखं बघत बसेल माझ्याकडे."

बाईंनी यंत्राचं तोंड खिडकीकडे केलं.

पुढचे कितीतरी महिने त्यात गेले. इतक्या वर्षांनी असलं यंत्र थेट विजेला जोडलं तर ते मरतं, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आधी नुसता वीजपुरवठा बाहेर काढला, त्यातली सुकलेली, फुगलेली कपॅसिटरं बदलली, आणि त्याच्यावर खरा भार टाकण्याआधी खोटा भार म्हणून बसच्या हेडलाइटचे जुने बल्ब जोडले. विजेचा दाब हळूहळू चढवत नेला. सासूबाईंच्या खोलीत भर दुपारी बसचे दिवे पेटले. सासूबाई माळ ओवत होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "आता काय, गाडी येणार का आत?"

वीज व्यवस्थित आली. ती दिवसभर स्थिर राहिली. मग कार्डं एकेक करून, ब्रशने आणि अल्कोहोलने पुसून, परत जागेवर. आणि इथे बाईंचा घात झाला. एक मेणाची खूण उन्हाने वितळून पुसट झाली होती. बाईंनी अंदाजाने कार्ड एक खाच सोडून बसवलं आणि वीज दिली.

आवाज झाला नाही. कार्डावरून फक्त धुराची एक बारीक दोरी सरळ वर गेली. बाईंनी झडप घालून वीज तोडली, पण वास खोलीभर पसरला होता. सासूबाईंनी टोमणा न मारता खिडकी उघडली. बाईंना तेच जास्त लागलं.

त्यानंतर बाईंनी यंत्रावर चादर टाकली. पुढच्या खोलीत बसून त्या मुकाट्याने दात बसवत राहिल्या. यजमानांनी एकदोनदा विषय काढला. "होतं असं. मी पहिल्या वर्षी बस फाटकात घातली होती."

"तुम्ही फाटकात घातलीत. मी पाटी वाचली नाही," बाई म्हणाल्या. "खूण पुसट दिसत होती, कुठलं कार्ड कुठल्या खाचेत त्याचा आराखडा समोर होता, तो न बघता हात चालवला. कवळीत असं केलं असतं तर माणसाचं तोंड फाटलं असतं."

काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःच चादर काढली. जळालेल्या चिप्स शोधल्या, दुसऱ्या भंगार कार्डांवरून तशाच काढून बसवल्या. सगळ्या खुणा पुसून नव्याने केल्या, या वेळी मेणाने नाही, कोरून. मग पुन्हा वीज. दिवे लागले. खटक्यांनी एखादा आकडा आत टाकावा आणि तो परत मागवावा, तर तो परत येई. बहुतेक ठिकाणी. स्मृतीतला एक पट्टा मात्र असा होता की तिथे काहीही टाका, परत यायचं ते शून्य.

इथे बाईंचं ज्ञान संपलं. त्या कारखान्याच्या जुन्या लोकांना विचारत विचारत एका दारापाशी पोचल्या. या यंत्राची देखभाल करणारे इंजिनिअर निवृत्त होऊन एका दुमजली इमारतीत राहत होते. दार त्यांनीच उघडलं. बाईंनी सांगितलं. साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला.

"मेलेल्याला सलाईन कशाला लावताय? फेकून द्या."

"साहेब, तुम्ही नुसतं एकदा—"

"माझी मुलगी जन्मली तेव्हा मी त्या खोक्यात डोकं घालून बसलो होतो. पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही. ते बंद पडलं की कारखाना बंद, आणि कारखाना बंद की मला बोलावणं. माझी अर्धी हयात त्याने खाल्लीय. पाडलं ते बरं झालं." आणि दार लागलं.

बाई परत गेल्या. या वेळी साहेबांच्या बायकोने दार उघडलं, आत बसवलं, आणि साहेब आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. "ते हट्टी आहेत," वहिनी म्हणाल्या.

"मीही आहे," बाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

तिसऱ्या वेळी बाईंनी युक्ती बदलली. 'या' म्हणायचं नाही, मदत मागायची नाही. त्यांनी वहिनींना, पण आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, "मला वाटतं दिवे दाखवणारं कार्ड बिघडलंय. म्हणून त्या पट्ट्यात शून्य दिसतं. ते कार्डच बदलून टाकते."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दिव्यांचं कार्ड कसं असेल?" साहेब दारात उभे. "ते बिघडलं असतं तर सगळीकडे चुकलं असतं. शून्य स्मृतीतल्या कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत येतं?"

बाईंनी सांगितलं. साहेबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "माझी चप्पल कुठाय?"

सासूबाईंच्या खोलीत येऊन साहेब खुर्चीवर बसले, पण हात मागे बांधून. "मी हात लावणार नाही. तुम्ही करा, मी सांगतो." मीटर इथे लावा, ते कार्ड काढा, आता तिथे लावा. तासाभरात त्यांनी दुखणं हुडकलं. त्या काळी स्मृती म्हणजे हजारो बारीक कड्या. राईच्या दाण्याहूनही लहान, काळ्या. त्या जाळीसारख्या मांडलेल्या आणि प्रत्येक ओळीतून केसासारखी तार ओवलेली. एका जाळीतल्या एका ओळीची तार आतल्या आत गंजून तुटली होती.

"संपलं," साहेब म्हणाले. "आम्ही अशा वेळी आख्खं कार्ड बदलायचो. आता ते कुठून आणणार?"

"तार नवी ओवली तर?"

"चौसष्ट कड्या आहेत त्या ओळीत. बाकीच्या तारा आधीच आतून गेलेल्या आहेत, उरलेल्या फटीतून काढायची. एक कडी फुटली तर ती गेली. हे कोणी केलेलं मी पाहिलं नाही."

"तुम्ही पाहिलं नाही, म्हणजे होत नाही असं थोडंच आहे?"

"अहो बाई, डोळे जातील."

"डोळ्यांवर भिंग लावूनच माझं आयुष्य गेलंय, साहेब. मला फक्त एवढं सांगा, तार कुठल्या बाजूने घालू?"

साहेबांनी मागे बांधलेला हात पहिल्यांदाच पुढे केला आणि बोटाने बाजू दाखवली.

बाईंनी घाई केली नाही. शिंप्याकडून सगळ्यात बारीक मणी आणून, ते दोऱ्यांच्या जाळीत बांधून त्यांनी सराव केला. तारेचं टोक मऊ पडून वाकतं, म्हणून त्यावर गोंदाचा थेंब कडक करून त्याला घासून सुईसारखी धार केली. सरावाला कधी मणी निसटत, कधी तार मुडपे. बाई परत पहिल्या मण्यापासून. यजमान म्हणायचे, "माझ्या बसला वाहतुकीत एवढा वेळ लागला असता तर पोरं मोठी होऊन उतरली असती."

मग एका सकाळी, स्वच्छ उन्हात, त्या खिडकीपाशी बसल्या. सासूबाई कोणी न सांगता खुर्ची घेऊन खोलीच्या दारात जाऊन बसल्या. दूधवाला आला, त्याला त्यांनी बोटानेच गप्प केलं. यजमान नाक पुसत आले तर म्हणाल्या, "शिंकायचं असेल तर रस्त्यावर जाऊन शिंक."

जुनी तार तुकड्या-तुकड्याने बाहेर आली. नवी आत निघाली. भिंगाखाली कड्या मोठ्या दिसत होत्या आणि चिमट्याचं टोक पहारीसारखं. बाई श्वास सोडताना थांबायच्या, सोडून झाला की पुढे सरकायच्या. अर्ध्याच्या पुढे तार मुडपली. बाईंनी ती अलगद मागे ओढून काढली, चहा घेतला, हात धुतले आणि नवी तार घेऊन पहिल्या कडीपासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला, शेवट जवळ आला असताना, तारेच्या टोकाशी काहीतरी बारीक चमकलं आणि खाली पडलं. एक कडी दुभंगली होती.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. मानेवरून घाम ओघळत होता. सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "काय झालं ग?"

"एक फुटली, आई."

"बाकीच्या आहेत ना?"

"आहेत."

"मग त्या तरी ओव."

बाईंनी उरलेल्या ओवल्या. दोन्ही टोकांना झाळ दिला. मीटर लावला. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बाईंनी फुटलेल्या कडीचं सांगितलं, ते सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. साहेब मात्र जाळीच बघत होते, बाईंचं भिंग डोळ्याला लावून, बराच वेळ. मग म्हणाले, "एका पत्त्यातल्या आकड्याचा एक अंश चुकेल. तो पत्ता वापरायचा नाही. प्रोग्रॅम त्याच्या बाजूने वळवून न्यायचा."

"चालेल असं?"

"आम्ही कारखाना चालवायचो, बाई. न चालून कसं चाललं असतं?"

कार्ड जागेवर गेलं. बाईंनी भिंग पुन्हा डोळ्यांवर चढवलं, कोरलेली खूण बोटाने चाचपली, मग आराखडा पाहिला, मग पुन्हा खूण पाहिली, आणि वीज दिली. पंखे गुरगुरले. साहेबांनी आठवणीतूनच एक छोटा प्रोग्रॅम सांगितला, फुटलेल्या पत्त्याला वळसा घालून, आणि बाई खटके वरखाली करत तो आत घालत गेल्या. मध्येच साहेब ओरडले, "तिसरा खाली! खाली म्हटलं ना!" आणि स्वतःच उठून त्यांनी खटका खाली केला. हात लावायचा नाही हे ते विसरले, की त्यांनी ठरवून विसरलं, कोण जाणे. शेवटी बाईंनी सुरू करण्याचा खटका दाबला.

एक दिवा लागला. तो विझून शेजारचा लागला, मग त्याच्या शेजारचा. ओळीच्या टोकाला जाऊन उजेड मागे फिरला आणि परत आला. न थांबता, न चुकता, खिडकीकडे तोंड करून.

सासूबाई माळ हातात धरून बघत होत्या. "एवढ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"हो आई," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भिंगामुळे ते पुसताही येत नव्हतं. "एवढ्यासाठीच."

साहेब खुर्ची यंत्राजवळ ओढून बसले आणि कितीतरी वेळ तो उजेड जाताना येताना बघत राहिले. निघताना त्यांनी सासूबाईंना विचारलं, "याच्या आवाजाचा त्रास नाही ना होत?" सासूबाई म्हणाल्या, "सवय होईल." ती झालीही. पुढे पुढे पंखे बंद केले की त्यांची दुपारची झोप मोडायला लागली.

यंत्राला भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून प्रोग्रॅम वाचणारं एक उपकरण जोडलेलं होतं. ते अजून मेलेलंच होतं, कारण त्याचं रबरी चाक वितळून डांबर झालं होतं. बाईंनी दात ओतावेत तसं सिलिकोनचं नवं चाक ओतलं. पहिलं फार मऊ झालं, दुसरं वाकडं. तिसरं बसवून त्यांनी पट्टी लावली. साहेब शेजारी उभे होते. हल्ली ते दर गुरुवारी येत, आणि वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे बुधवारपासूनच चप्पल शोधत. पट्टी सरसर आत गेली, दिवे भराभर बदलले, आणि अर्ध्यावर आल्यावर कर्रकन आवाज करून उपकरणाने ती चावून टाकली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "राहू द्या आता. खटक्यांनी चालतंय ना? पुष्कळ झालं."

झाकण उघडून बाई कागदाचे बारीक तुकडे एकेक करून बाहेर काढत होत्या आणि बशीत ओळीने मांडत होत्या, पट्टी नेमकी कुठे अडकली ते कळावं म्हणून.